लेझर ग्रेडचा लॉस टीसीपेक्षा जास्त आला? आधी लॅबला भट्टीचं विचारा

तुमची पोस्ट वाचली. ट्रान्सफॉर्मर कोअरचा ०.२३ मिमी लेझर ग्रेड पत्रा (लेझरने रेघा मारून लॉस, म्हणजे कोअरमध्ये वाया जाणारी वीज, कमी केलेला), टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेटवर) १.७ टेस्लाला ०.८५ वॅट प्रति किलो, लॅबच्या रिपोर्टात ०.९२, आणि माल देणारी पार्टी हात वर करून मोकळी. आम्ही याच चक्रात भरडून निघालोय. सीआरजीओ म्हणजे कोअरचा सिलिकॉन स्टीलचा पत्रा, हे तुम्हाला माहीत असणारच, बाकीचं सोडतो.

लॅबला एकच विचारा: एपस्टाइनच्या (पट्ट्यांची चौकट रचून लॉस मोजायची पद्धत) पट्ट्या मोजण्याआधी ॲनिल केल्या, म्हणजे भट्टीत तापवल्या होत्या का?

साध्या सीआरजीओला ते बरोबरच आहे. ३० मिमीच्या पट्ट्या कापताना कडांना ताण बसतो, तो ८०० अंशांच्या आसपास भट्टीत घालवतात आणि मग मोजतात. पण लेझर मालाची सगळी कमाई ताणातच असते. रोलिंगच्या दिशेला आडव्या, साधारण दर ५ मिमीवर रेघा मारलेल्या असतात. रेघेखाली जो ताण राहतो त्याने रुंद डोमेन (पत्र्यातले चुंबकीय पट्टे) अरुंद होतात, त्यांच्या भिंतींना कमी सरकावं लागतं आणि एडी करंटचा (पत्र्यातच गोल फिरणाऱ्या प्रवाहाचा) लॉस उतरतो. हिस्टेरिसिसला (चुंबकत्व उलटसुलट होण्यात जाणाऱ्या लॉसला) याचा काही उपयोग नाही. भट्टीतून काढलेल्या पट्टीवर रेघा कदाचित दिसतील, पण तिचा लॉस बिनलेझरच्या मालाचाच.

आमच्या लॅबने (नाव घेत नाही) नेमकं हेच केलं होतं. रिपोर्टावर फक्त ‘नमुना स्टँडर्डप्रमाणे तयार केला’. फोन केला तर, "आम्ही सगळ्यांचं असंच करतो." लेखी द्या म्हटलं तर, "नवीन नमुना, नवीन फी." तोवर आम्ही पार्टीचं पेमेंट रोखलेलं, पार्टीने पुढची कॉइल रोखलेली, आणि वीज कंपनीच्या ऑर्डरवर उशिराचा दंड चढतोय. शेवटी दुसरीकडे सिंगल शीट टेस्टरवर (पट्ट्या न कापता एकच पत्रा मोजणारं यंत्र) मोजलं, तर माल टीसीला बरोबर उतरला! दंड कोण परत देणार? लॅबच्या साहेबांनी साधं ‘चुकलं’ही म्हटलं नाही.

त्यामुळे माझं मत कडवट आहे, पण सांगतो. लेझर मालाच्या पट्ट्या भट्टीत घालणाऱ्या लॅबकडे पुन्हा जाऊ नका. ५०० बाय ५०० मिमीचा अख्खा पत्रा सिंगल शीट टेस्टरवर मोजून घ्या, आणि सोबतच्या पत्रात ठळक लिहा: ‘लेझर स्क्राइब्ड, ॲनिलिंग करू नये’. टीसीवरचा आकडा कुठल्या पद्धतीचा आहे तेही बघा, दोन्ही पद्धतींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

मी कोअर शॉपचा माणूस, मेटलर्जीचा नाही. तुमचा माल खरंच खराब असू शकतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढून पुन्हा कापलेला माल बाजारात किती फिरतो, वेगळं सांगायला नको.

तुम्ही २५ केव्हीएचे वाउंड कोअरही बनवता असं लिहिलंय. गुंडाळून झाल्यावर कोअर भट्टीत जात असेल तर त्यात लेझर ग्रेड घालणं म्हणजे पैसे जाळणं. तिथे खाचा पाडलेला, भट्टीत टिकणारा ग्रेड मागा. पट्ट्या रचून केलेल्या स्टॅक कोअरला लेझर खुशाल वापरा, फक्त पट्ट्या आपटू-वाकवू नका.

आणि लॅबकडून त्या दिवशीचा भट्टीचा चार्ट मागून घ्या. देत नसतील तर ‘देत नाही’ हे मेलवर लिहून घ्या, पार्टीशी बोलताना लागेल.