कुलमुखत्यारपत्र फाडलं म्हणजे रद्द होतं का?

प्रश्न : आत्या 79 वर्षांची, एकटी राहते. खुब्याच्या ऑपरेशनच्या वेळी तिनं दिराच्या मुलाला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, पॉवर ऑफ अॅटर्नी) करून दिलं. आता तो पासबुक दाखवत नाही, वर घर बघायला गिऱ्हाईकं आणतो. कागद फाडून टाकला तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. त्याची नोंद दुय्यम निबंधकांच्या (सब-रजिस्ट्रारच्या) दप्तरात राहते. शिवाय करार कायद्याच्या कलम 208 प्रमाणे अधिकार काढून घेतल्याचं समोरच्याला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो चालूच धरला जातो. फसगत होते ती इथेच: आत्या घरात ‘रद्द केलं’ म्हणते आणि बँकेला पत्ताच नसतो.

आधी बँक गाठा. आत्याच्या सहीचा अर्ज द्या, प्रतीवर तारखेसह पोच घ्या. चेकबुक, एटीएम कार्ड बंद करा. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो ते बघा. कधीकधी तो नंबरच बदललेला असतो. मग त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात रद्दपत्र नोंदवा. आत्याला चालवत नसेल तर गृहभेटीसाठी अर्ज करता येतो. रद्दपत्राची प्रत आणि मूळ कागद परत मागणारी नोटीस पुतण्याला पोचपावतीसह पाठवा. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या, आलेल्या गिऱ्हाइकांनाही लेखी कळवा.

पत्रात ‘कधीही रद्द न होणारे’ असं छापलं असेल तर घाबरू नका. त्या मालमत्तेत पुतण्याचा स्वतःचा हितसंबंध नसेल तर नुसत्या शब्दांनी ते कायमचं होत नाही. विक्रीचा अधिकार दिलाय का, तेही नीट वाचा.

घर विकलं गेलंय का हे नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) मध्ये दिसेल. मुखत्याराला दस्त नोंदवताना ‘पत्र रद्द झालेलं नाही’ असं घोषणापत्र द्यावं लागतं. रद्द झाल्याचं ठाऊक असून ते दिलं, तर नोंदणी कायद्याच्या कलम 82 खाली 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणूनच नोटिशीची पोचपावती जिवापाड जपा. काढलेल्या पैशांचा हिशेब करार कायद्याच्या कलम 213 खाली मागा; पैसे खाल्ले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली (विश्वासघाताची) तक्रार करा.

हे सगळं आत्या शुद्धीत, समजून-उमजून सही करू शकते तोवरच. स्मृतिभ्रंशानं समज गेली तर मुखत्यारपत्र कायद्यानं आपोआप संपतं खरं, पण बँकेला ते आपणहून कळत नाही आणि पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. रद्दपत्राच्याच दिवशी डॉक्टरांकडून तिच्या मानसिक स्थितीचा दाखला घ्या.