पायमॉलमध्ये स्वतःची कमांड बनवता येते का?

प्रश्न : ताई, मी चंद्रपूर जिल्ह्यात ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. सिकल सेल हा रक्ताचा आजार समजावायला पायमॉल या रेणूंची त्रिमितीय रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २एचबीएस ही सिकल हिमोग्लोबिनच्या रचनेची फाईल उघडते, पण मुलांना नुसता शेवयांचा गुंता दिसतो. दर तासाला त्याच आठ-दहा कमांड टाइप करण्यात दहा मिनिटं जातात, नेटही मधेच जातं. काही सोपं होईल का? आणि हे फुकट वापरलेलं चालतं ना?

उत्तर : चालतं की! पायमॉल वॉरन डिलानो यांनी २००० साली आणलं, २००९ मध्ये ते गेले, पुढे श्रॉडिंगर कंपनीने ते हातात घेतलं. कंपनी तिचं तयार व्हर्जन लायसन्सवर विकते, पण ओपन सोर्स कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खुला आहे आणि कोंडा-फोर्ज या पॅकेजच्या साठ्यावरून 'पायमॉल-ओपन-सोर्स' इन्स्टॉल होतं. निर्धास्त वापरा.

आता गुंता. त्या फाईलमध्ये दोन अख्खी हिमोग्लोबिन आहेत, म्हणजे आठ प्रोटीन साखळ्या, सगळं एकदम दाखवलं की शेवया होणारच. तुम्हाला दाखवायचंय एवढंच की बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामेट या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलं. ग्लुटामेटवर चार्ज असतो, त्याला पाणी चालतं, व्हॅलिनला पाणी नको असतं, मग ऑक्सिजन सुटला की शेजारच्या हिमोग्लोबिनवर फिनाइलअॅलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ जवळची खोबण मिळते तिच्यात ते जाऊन बसतं, आणि असं एकाला एक चिकटत लांब दोर होतात नि पेशी विळ्यासारखी वाकते. म्हणून बाकी सगळं फिकट करड्या कार्टूनमध्ये (फितीसारख्या चित्रात) ठेवा, बी, डी, एफ, एच या बीटा साखळ्यांमधलं सहावं अमिनो आम्ल लाल गोळ्यांनी, ८५ आणि ८८ पिवळ्यांनी. चारही लाल गोळे खोबणीत दिसणार नाहीत हां, एका हिमोग्लोबिनमधल्या दोनपैकी एकच व्हॅलिन असं अडकतं, हे मुलांना आधीच सांगा नाहीतर तोच प्रश्न येतो.

ह्याच कमांड पायथनच्या एका फंक्शनमध्ये एकाखाली एक लिहा, शेवटच्या ओळीत 'सीएमडी डॉट एक्स्टेंड' वापरून त्याला नाव द्या, समजा 'सिकल'. फाईल 'रन' केली की पायमॉलमध्ये 'सिकल' टाइप करायचं, झालं! ती 'रन'ची ओळ होम फोल्डरमधल्या 'पायमॉलआरसी' फाईलमध्ये टाकली की पायमॉल उघडताच कमांड हजर.

एक खड्डा मात्र आहे, मी त्यात तासभर अडकले होते. 'सिकल ५' असं लिहून शेजारचे ५ अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधलं अंतर मोजायचं एकक) आतले अणू दाखवायचे असतील तर तो ५ फंक्शनला आकडा म्हणून नाही, अक्षर म्हणून मिळतो. त्याच्याशी गणित करायच्या आधी 'फ्लोट' वापरून त्याचा आकडा करून घ्या, नाहीतर एरर येते आणि चूक कुठेय तेच कळत नाही.

नेटचं म्हणाल तर घरून एकदा 'फेच' कमांडने फाईल नेटवरून उतरवा, ती फोल्डरमध्ये सेव्ह होते, पुढच्या वेळी त्याच फोल्डरमधून 'लोड' करायची. सोबत ४एचएचबी पण उतरवून ठेवा, ते नॉर्मल हिमोग्लोबिन आहे. ते 'अलाइन' कमांडने २एचबीएसच्या ए ते डी साखळ्यांवर बसवा आणि दोन्हींचं सहावं अमिनो आम्ल शेजारी शेजारी ठेवा, फरक मुलं स्वतःच बोट ठेवून दाखवतील.