रोजच्या लिखाणासाठी हजार रुपयांपर्यंत कोणता शाईचा पेन घ्यावा? ठाणे-ऐरोली लोकलच्या गर्दीत तो गळतो का?

नीट ठेवला तर गळत नाही. निब वर करून खिशात उभा ठेवायचा, आणि घरातून निघताना पेन एकतर पूर्ण भरलेला असू द्या नाहीतर रिकामा. अर्धवट भरलेल्या पेनात हवा असते, ती अंगाच्या उबेने फुगते आणि शाईला निबकडे ढकलते. ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायची असते त्या पेनांना हा त्रास जास्त. प्रवासाला कन्व्हर्टरवालाच बरा, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी सुटी नळी आत बसते तो. पार्कर व्हेक्टर हजारात आरामात बसतो, घेऊन टाका. पेनाचा विषय माझ्या मते इथेच संपला.

खरा प्रश्न शाईचा आहे आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. कोणीच विचारत नाही, आणि मग पेन फुकट बदनाम होतो.

मी नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीची सचिव आहे. सभांची इतिवृत्तं हातानेच लिहिते, शाईच्या पेनाने. अक्षर चांगलं आहे, हे मी नाही, अख्खी बिल्डिंग म्हणते. वहीसाठी काळी पर्मनंट शाई आणा, असं मी आमच्या खजिनदारांना चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. त्यांनी आणली रॉयल ब्लू, वॉशेबल. वर मलाच म्हणाले, "शाई ती शाई, त्यात काय एवढं?" मी हरकत घेतली, तर सोसायटीचे पैसे वाया घालवायचे नाहीत म्हणून हीच संपवा, असं ठरलं.

पावसाळ्यात सोसायटीच्या ऑफिसची भिंत झिरपली आणि कपाटाचा खालचा कप्पा भिजला. वही उघडून पाहिली. छापील रेघा जागच्या जागी. पानाखालच्या सह्या शाबूत, कारण सभासदांनी त्या आपापल्या बॉलपेनने केलेल्या. आणि सह्यांच्या वर नुसता निळा ढग. लिफ्टच्या ठेक्याचा ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, सगळं वाहून गेलेलं. कोऱ्या पानावर कमिटीने सही ठोकल्यासारखं दिसत होतं.

पुढच्याच सभेत खजिनदारांनी ठराव आणला: यापुढे सोसायटीचं दप्तर फक्त बॉलपेनने लिहावं. मंजूरही झाला. तो वहीत लिहायचा मलाच होता, तेव्हा "सचिवांचा विरोध नोंदवून" हे शब्द मी घातलेच.

विरोध का, ते ऐका. वॉशेबल शाईतला रंग पाण्यात विरघळणारा असतो. कागदावर वाळला तरी पाणी लागलं की पुन्हा सुटतो. कपड्यांवरचे डाग धुऊन निघावेत म्हणूनच ती तशी बनवतात. ती धुतली गेली यात शाईचाही दोष नाही. उन्हातही फिकी पडते. आयर्न गॉल शाईचं वेगळं. तिच्यातलं लोह हवा लागून कागदाच्या धाग्यांतच काळं पडतं आणि तिथेच बसतं. इंग्लंडात २०२१ पर्यंत लग्नाच्या नोंदवह्यांसाठी असलीच शाई वापरत असत. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते पाण्यात विरघळतच नाहीत. टिकाऊ लिहायचं असेल तर या दोनपैकी एक घ्या.

खजिनदारांना मी प्रयोगच करून दाखवला होता. एकाच पेनाने, मध्ये धुऊन, एका कागदावर दोन शायांनी दोन ओळी लिहिल्या आणि त्यांच्यासमोर नळाखाली धरल्या. एक ओळ गेली, एक राहिली. तर म्हणतात, "बॉलपेनने लिहिल्या असत्या तर दोन्ही राहिल्या असत्या." आता अशा माणसापुढे काय बोलणार?

असो. निबचं सांगायचं राहिलं. रोज मराठी लिहीत असाल तर फाइनच घ्या. मीडियम निबने बारीक अक्षर काढलं की 'क्ष' आणि 'ठ्ठ'ची पोटं बुजतात, अनुस्वार मात्रेला चिकटतो. जपानी फाइन युरोपियन फाइनपेक्षाही बारीक असते. बजेट वाढवता आलं तर पायलट या जपानी कंपनीच्या पेनांकडे बघा. ऑनलाइन मागवू नका. गोखले रोडला एखाद्या जुन्या स्टेशनरीवाल्याकडे जा, निब शाईत बुडवून स्वतःचं नाव लिहून बघा. बुडवू देत नसेल तर दुसरं दुकान.

आणि हो, मी सुचवलेल्या शायांना लाड लागतात. पेन पडून राहणार असेल तर आधी धुऊन ठेवा, साध्या पाण्याने, गरम नको. निबखालच्या जिभेच्या खाचांत पिगमेंट शाई वाळली की निघता निघत नाही. तेवढी शिस्त अंगात नसेल तर गुपचूप वॉशेबल भरा, किराण्याच्या याद्यांना ती पुष्कळ झाली. ऑफिसातला झेरॉक्सचा कागद शाई पसरवतो, तिथे पेनाला दोष देऊ नका. कार्बन घालून पावत्या फाडायच्या असतील तर मात्र निबवर जोर देता येत नाही, तिथे बॉलपेनच लागतो. इतिवृत्ताला कार्बन लागत नाही, हे मी सभेतही सांगितलं होतं.