वय ४९, आयुष्यात कधी पळाले नाही. आता सुरुवात केली तर गुडघे जातील का? बूट कोणते घ्यावेत?

नाही जात ताई. बिनधास्त सुरू करा. हे "गुडघे जातील" इतक्या जणांकडून ऐकलंय की तुमचा प्रश्न बघून राहवलंच नाही.

मी परभणीची. पन्नाशीनंतर शुगर बॉर्डरवर आली तेव्हा कृषी विद्यापीठात सकाळी चालायला जायला लागले. तिथं पोलीस भरतीची पोरंपोरी ग्राउंड मारायला येतात, पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर. त्यातली एक पोरगी रोज शेजारून जाताना "काकू, चला की" म्हणायची. एक दिवस ओढणीची कमरेला गाठ मारली आन् पळाले तिच्यामागं. दोन खांब गेले नाहीत तर दम लागला. ती वळून आली, म्हणली काकू टाच आपटू नका, पावलं बारीक टाका आणि माझ्याशी बोलता येईल एवढ्याच जोरात पळा, एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. माझं कोचिंग एवढंच. हळूहळू पळायचे खांब वाढवले, चालायचे कमी केले, आता न थांबता पाच किलोमीटर होतं.

मग एका लग्नात नणंदबाई भर पंगतीत म्हणल्या, "वहिनी, काय करायलात हे, या वयात शोभतंय का, गुडघे गेले तर कोण बघणार तुमचं?" लग्नघर होतं म्हणून मी गप्प बसले. पण गुडघा म्हणजे जातं नाही की फिरवलं की झिजलं. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तपुरवठाच नसतो, दाब पडतो-सुटतो तेव्हा सांध्यातल्या पाण्यातून तिला पोषण मिळतं, म्हणजे हालचाल तिला लागतेच. गुडघ्याची वाट लावतं ते वाढलेलं वजन, कमजोर मांड्या आणि पहिल्याच आठवड्यात केलेली घाई. आमच्याकडं बाई दिवसभर खुरपायला बसली, कापूस वेचायला वाकली तर कुणी गुडघ्याचं नाव काढत नाही, तीच बाई स्वतःसाठी अर्धा तास पळाली की सगळ्यांना तिच्या गुडघ्याची काळजी! हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

आणि वयाचं म्हणाल तर फौजा सिंग २००० साली लंडन मॅरेथॉन पळाले तेव्हा त्यांचं वय ८९ सांगितलं जायचं. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, २०२२ च्या राष्ट्रकुलमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसला (अडथळ्यांच्या शर्यतीला) रौप्य मिळवणारा, तोसुद्धा लष्करात गेल्यावर शर्यतींकडं वळला. कुणी पाळण्यातून पळत येत नाही.

हां, पण गुडघा आधीच सुजत असेल, बीपी असेल, घरात कुणाला हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन चालू असेल तर काय खाऊन पळायचं तेही विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली की जागेवर थांबा. नडगी दुखली तर चार-दोन दिवस नुसतं चाला. रोज पळू नका, एक दिवसाआड पुरे. एप्रिल-मे मध्ये ऊन चढायच्या आत घरी, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

बुटांचं राहिलंच. रनिंगचेच घ्या, महागच पाहिजेत असं नाही, पण दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा राहते का ते उभं राहून बघा.