‘स्टार नाही, तर वाचू कशाला?’

प्रिय ‘धास्तावलेली आई’,

तुमचा मुलगा पाचवी पास झालाय, अपूर्णांक कच्चे आहेत आणि येतंय तेही सुट्टीत विसरेल म्हणून तुम्ही सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंतचा तक्ता भिंतीवर लावलात. एका पानाला एक स्टार, वीस स्टारना बक्षीस. पहिला आठवडा झकास गेला. आता रोज रडारड. परवा गोष्टीचं पुस्तक पुढे केलंत, तर म्हणाला, “स्टार नाही, तर वाचू कशाला?” नवरा म्हणतो, सुट्टी आहे, सोड त्याला. कोणाचं बरोबर, असं तुम्ही विचारलंय.

विसरण्याची भीती अगदीच खोटी नाही. अमेरिकन संशोधक हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यास एकत्र तपासले. उन्हाळी सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभर मागे पडलेली दिसली. ही घसरण खरंच एवढी असते का, यावर पुढे बरेच वाद झाले. तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: सगळंच सारखं निसटत नाही. आकडेमोड आणि शुद्धलेखन, म्हणजे सरावावर टिकणाऱ्या गोष्टी, जास्त निसटतात. त्यांना रोज पंधरा मिनिटं पुरे. मागचं पान न बघता, आठवून सोडवू द्या. एक कालचं गणित, एक गेल्या आठवड्यातलं, एखादं जुनं, असं मिसळून. चौदा तासांचा तक्ता तर मला वाचूनच धाप लागली!

स्टार मात्र आजच बंद. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे सगळ्यांत कमी फिरकत होती. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र शाबूत होती. तुमचा मुलगा पांघरुणात बॅटरी लावून वाचायचा, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा स्टार कुठे होते? आजवर जमलेल्या स्टारचं बक्षीस देऊन टाका, शब्द दिलाय तुम्ही. मग काही दिवस तो पुस्तकाला हात लावणार नाही. नाही तर नाही.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला फार खटकली. त्याने बंद पडलेलं घड्याळ उघडलं, गणिताचा तास बुडाला, म्हणून तुम्ही ते कपाटात टाकलंत. अहो, गणित त्या घड्याळातच होतं! तासकाटा एक फेरी मारतो तोवर मिनिटकाटा बारा मारतो, म्हणजे मिनिटकाट्याच्या एका फेरीत तासकाटा एक बारांश फेरी सरकतो. दहा दात्यांचं चाक चाळीस दात्यांच्या चाकाला फिरवत असेल, तर छोट्याच्या एका फेरीत मोठं किती फिरेल? पाव. तुम्ही समजावत बसू नका, त्यालाच दाते मोजू द्या. घड्याळ आणि स्क्रूड्रायव्हर परत द्या. सेल आधी काढून ठेवा. कुठला स्क्रू कुठला, ते कागदावर चित्र काढून लिहायला सांगा. तेवढं लिखाण पुष्कळ झालं. पुन्हा जोडता नाही आलं तरी चालेल, तसंही ते बंदच होतं.

‘सोड त्याला’ म्हणणं सोपं असतं. ती पंधरा मिनिटं एक दिवसाआड नवऱ्याकडे द्या, म्हणजे रोजची पहारेकरीण तुम्हीच राहणार नाही.

राहिला तुम्ही विचारलेला मुलाच्या मोबाइलचा प्रश्न. किती वेळ आणि केव्हा, हे मुलाला सोबत बसवून ठरवा, आणि जेवताना तुमचाही बाजूला ठेवा. वेळ संपली की तो “बोअर होतंय” म्हणत घरभर फिरेल. लगेच काही सुचवायला धावू नका. अर्धा तास कुरकुरेल, तेवढा कुरकुरू द्या.

तुमची,
ताई