वाचक विचारतात : भट्टी, पत्रा आणि वायफाय

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. इंडक्शन फर्नेसच्या (विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या) कॉइलला लागणाऱ्या पाण्याचं तापमान आणि फ्लो ऑफिसात दिसावा म्हणून कूलिंग टॉवरपाशी वायफायचे सेन्सर लावले. रविवारी झकास चालतात. सोमवारी मेल्टिंग सुरू झालं की रीडिंग गायब. इलेक्ट्रिशियन म्हणतो, भट्टी रेंज खाते. आधीची वायर ठिणग्यांनी जळाली होती. सोबत फोटो पाठवतोय.

उत्तर : भट्टीवर एवढ्यात आळ घेऊ नका. तुमच्यासारख्या भट्ट्या काहीशे ते काही हजार हर्ट्झवर चालतात. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे लाखो पटींनी वर. भट्टी त्रास देते ती केबलमधून आणि पॉवर सप्लायमधून. तपासायचं तर एक हीट, म्हणजे धातू वितळवण्याची एक खेप, चालू असताना सेन्सर पॉवर बँकेवर चालवून बघा. रीडिंग परत आलं तर दोष सप्लायचा.

पण फोटो पाहून माझा संशय दुसरीकडेच आहे. राउटर पत्र्याच्या पॅनलमध्ये ठेवलाय आणि दार बंद आहे! रविवारी मेंटेनन्सवाले ते दार उघडं टाकतात का, विचारा. बंद लोखंडी पेटीत अँटेना ठेवणं म्हणजे तोंडावर उशी दाबून हाका मारणं. अँटेना पेटीबाहेर काढा, जमेल तितकी उंच, पण पत्र्याला चिकटवून नको.

उरलेला घोळ क्रेनचा असू शकतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. गर्डर, लेडल (वितळलेला धातू नेणारं भांडं), स्क्रॅपचा ढीग यांवर आपटून आलेल्या लहरी काही जागी एकमेकींना मारतात, आणि क्रेन हलली की ती जागाही बदलते. कधी कधी अँटेना चार बोटं सरकवली तरी काम होतं. मात्र चाचणी ओतकाम चालू असताना, क्रेन फिरत असतानाच घ्या. सुट्टीच्या दिवशी घेतलेली चाचणी विक्रेत्याच्या सोयीची असते. शिफ्टमधल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटची गर्दीही त्याच बँडमध्ये होते, म्हणून राउटर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळ्या चॅनेलवर ठेवा.

एवढं करून भागलं नाही तर वायफाय सोडा आणि लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा पण संथ रेडिओ, घ्या. मिनिटाला एक रीडिंग पाठवायला ते पुरतं, अडथळ्यांतून बरं निभावतं आणि बॅटरीवर चालतं. रिफायनरीत वायरलेसहार्ट हे कारखान्यातल्या सेन्सरसाठीचं वायरलेस नेटवर्क वापरतात. त्यात १० मिलिसेकंदांचे ठरलेले स्लॉट असतात आणि दर वेळी चॅनेल बदलतं. उत्तम आहे, पण दोन रीडिंगांसाठी तो खर्च मी करणार नाही.

आता फोटोतली जी गोष्ट मला खटकली ती सांगतो. पाण्याचा फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते पाहणारा) आणि फर्नेस ट्रिप (भट्टी बंद पाडणारा) यांच्यात वायर दिसत नाही. सगळं मोबाइलच्या अलार्मवर सोडलंय का? लोराचा एक छोटा निरोप सर्वांत संथ सेटिंगला सेकंदाहून जास्त घेतो, आणि एखादा पोचतच नाही. पाणी थांबून कॉइल फुटली आणि पाणी वितळलेल्या धातूखाली गेलं तर स्फोट होतो. फ्लो पडला की भट्टी आपोआप बंद झालीच पाहिजे, तीही वायरने. क्रेनखालून नको, भिंतीकडेने जीआय पाइपातून न्या आणि भट्टीजवळच्या तुकड्याला फायबरग्लास इन्सुलेशनची केबल वापरा. हे आधी करा, मोबाइलवरचं रीडिंग नंतर.

प्रश्न : मुलाने अमेरिकेहून ९१५ मेगाहर्ट्झचे लोरा मॉड्यूल पाठवलेत. कारखान्यात लावू का?

उत्तर : नको. तिकडचा बँड ९०२ ते ९२८. आपल्याकडे त्यातल्या ९१५ पर्यंतच्या पट्ट्यात मोबाइल टॉवर हँडसेटचे सिग्नल ऐकत असतात. आपला विनापरवाना बँड ८६५ ते ८६७ होता, २०२१ पासून तो ८६८ पर्यंत वाढला. सॉफ्टवेअरमधून काही चिप ८६५ वर येतातही, पण अँटेना ९१५ ची राहते आणि भारतातली ईटीए (रेडिओ उपकरणाची सरकारी) मंजुरी नसते. घरी टेबलावर अँटेनाशिवाय प्रोग्रॅमिंग शिकायचं म्हणाल, तर ट्रान्समिट चालू करू नका, चिप जळू शकते.