फिट अचानक वाढल्या असताना इंग्लंडला निघावे का?

तुम्ही लिहिले आहे की साडेतीन वर्षे एकही फिट आली नव्हती, सकाळ-संध्याकाळ लेव्हेटिरॅसिटाम आणि रात्री क्लोबाझम ही फिटवरची औषधे नेमाने चालू आहेत, आणि मँचेस्टरची नोकरी पक्की झाल्यापासून गेल्या सहा आठवड्यांत मात्र तीन वेळा फिट आली. आजार बळावला आहे का आणि निघणे पुढे ढकलावे का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी स्वतः अपस्माराची, म्हणजे फिट येण्याच्या याच आजाराची, रुग्ण असून पुण्याहून इंग्लंडमधील लेस्टरला येऊन मला नऊ वर्षे झाली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस कमी-जास्त करण्याबद्दल काही सांगणार नाही. परंतु तुमच्या पत्रात ओघात आलेल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. नोटिस पिरियडमध्ये तुम्हाला रात्रपाळी लागली आहे, मध्यंतरी टायफॉइड होऊन ऑफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स झाला, आणि त्याच दिवसांत केमिस्टने नेहमीच्या गोळीऐवजी दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली.

गोळीने अपस्मार बरा होत नाही. मेंदू ज्या पातळीला फिटकडे झुकतो ती पातळी गोळी उंच धरून ठेवते. ही पातळी खाली आणणाऱ्या दोन-तीन गोष्टी एकाच पंधरवड्यात जमल्या, तर आजार तोच आणि डोसही तोच असूनही फिट येऊ शकते. झोप तुटणे हे त्यांतले फार मोठे कारण आहे. तापाने पातळी खाली येते, आणि ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटातील अँटिबायोटिक्सनीही येऊ शकते. दुखण्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या ट्रॅमाडॉलबद्दलही हेच खरे आहे. टायफॉइडमध्ये उलट्या झाल्या असतील, तर गोळी घेऊनही ती अंगाला लागली नसेल. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी ‘मला फिट येतात’ हे वाक्य औषध लिहून घेण्यापूर्वी बोला, नंतर नव्हे.

बदललेल्या पट्टीबद्दल घाबरून जाऊ नका, पण ती पट्टी जपून ठेवा आणि तिच्यावरील मिलिग्रॅमचा आकडा जुन्या पट्टीशी ताडून पाहा. पाचशेच्या जागी अडीचशेची गोळी आली, तर बाकी सारे नेमाने करूनही डोस निम्मा होतो. येथील, म्हणजे ब्रिटनच्या, औषध नियामकाने फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन या फिटवरच्या औषधांच्या बाबतीत कंपनी बदलू नये असे सांगितले आहे. लेव्हेटिरॅसिटामला ती अट सहसा लागत नाही. क्लोबाझमची गोष्ट निराळी आहे. काही रुग्णांत शरीर त्याला सरावते आणि काही महिन्यांनी त्याचा गुण कमी होतो, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. ते स्वतःच्या मनाने एकदम बंद मात्र करू नका, कारण तसे केल्याने फिट उसळून येतात. कोणी फिटवर रामबाण म्हणून पुड्या सुचवल्या, तरी चालू औषध सोडून त्या घेऊ नका. अशा काही पुड्यांमध्ये न सांगता मिसळलेले फिनोबार्बिटोन तपासणीत सापडलेले आहे. (घरचे बहुधा मोबाइलला दोष देत असतील. चमकत्या प्रकाशाने फिट येणारे रुग्ण शंभरात तीनच्या आसपास असतात, तेव्हा आधी झोपेकडे बघावे.)

आता माझा अनुभव सविस्तर सांगते, कारण तुमच्यापुढेही तोच प्रवास आहे. माझा अपस्मार असा आहे की आधी सकाळी हातांना झटके येतात आणि दुर्लक्ष केले तर पुढे मोठी फिट येते. मी जानेवारीत निघाले. बॅगा भरण्यात दोन रात्री गेल्या होत्या. सकाळी नऊची गोळी घेऊन दुपारच्या विमानात बसले. रात्री नऊच्या गोळीसाठी फोनवर गजर होता. लंडनला उतरताच फोनने स्वतःहून तिथली वेळ धरली आणि गजर तिथल्या रात्री नऊला, म्हणजे भारतातील पहाटे अडीचला वाजला. दोन गोळ्यांमध्ये बारांऐवजी साडेसतरा तास गेले. लेव्हेटिरॅसिटामचे रक्तातील प्रमाण सहा ते आठ तासांत निम्म्यावर येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याशी उभी असताना हातातला चहाचा कप उडून समोरच्या फरशांवर आपटला. मी काचा गोळा करायला वाकले, आणि त्यानंतरचे मला काही आठवत नाही. पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी डोस वाढवला नाही. ‘किती तास झोपलात, आणि शेवटची गोळी घड्याळात किती वाजता घेतली?’ एवढेच विचारले.

म्हणून प्रवासात गोळीसाठी भारतीय वेळेवर चालणारे साधे मनगटी घड्याळ ठेवा, आणि पोहोचल्यावर गोळीची वेळ रोज तासाभराने सरकवत स्थानिक वेळेवर आणता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांशी ठरवा. उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असतो. गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पट्ट्यांमध्ये असू द्या. क्लोबाझम येथे नियंत्रित औषधांत मोडते. तीन महिन्यांपेक्षा कमी साठा असेल तर परवाना लागत नाही, परंतु नाव, डोस आणि प्रवासाच्या तारखा असलेले डॉक्टरांचे पत्र जवळ हवे.

निघणे पुढे ढकलावे का, याचे माझे उत्तर असे: न्यूरोलॉजिस्टला भेटेपर्यंत तिकीट काढू नका. गेल्या सहा आठवड्यांची वही करून न्या. कोणत्या दिवशी किती झोप झाली, ताप होता का, कोणती गोळी किती वाजता घेतली, निरोपाच्या पार्टीत मद्य घेतले का आणि फिट कधी आली, हे तारखेनिशी लिहा. फिटचे स्वरूप बदलले असेल, नवी डोकेदुखी असेल, एखादा हात-पाय लुळा वाटत असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर झोपेवर बोट ठेवून थांबू नका. नव्याने एमआरआय लागतो का हे विचारा. आपल्याकडे मेंदूत टेपवर्मच्या अळीची जुनी गाठ असलेले रुग्ण पुष्कळ आहेत, आणि त्या गाठीभोवती वर्षांनंतरही सूज येऊन फिट पुन्हा सुरू होऊ शकते. रात्रपाळी हेच कारण निघाले, तर कंपनीकडून रुजू होण्याची तारीख थोडी पुढे मागून घेण्यात काही कमीपणा नाही. 2010 च्या समानता कायद्याखाली अपस्माराच्या रुग्णांना येथे कामाच्या ठिकाणी संरक्षण आहे. रात्रपाळी नको, अशी सवलत मागता येते.

येथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, कारण न्यूरोलॉजिस्टची वेळ त्यांच्याकडूनच मिळते आणि तिला वेळ लागतो. इंग्लंडमध्ये अपस्माराचे औषध नियमित घेणाऱ्याला पाच वर्षांचे सवलतपत्र मिळते आणि मग सर्वच औषधे विनामूल्य मिळतात. त्याचा फॉर्म जीपीकडे मागावा लागतो, आपणहून कोणी देत नाही. गाडी मात्र चालवता येणार नाही. शेवटच्या फिटनंतर साधारणपणे पूर्ण एक वर्ष जावे लागते, आणि भारतीय लायसन्स असले तरी हा नियम सुटत नाही.

ज्यांच्याबरोबर खोली घ्याल त्यांना पहिल्याच दिवशी सांगा: फिट आली तर कुशीवर वळवायचे, घड्याळ बघायचे, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, आणि पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी सुरू झाली तर रुग्णवाहिकेसाठी 999 ला फोन करायचा. तोवर घरी आई-वडिलांनाही हेच सांगून ठेवा. तिथे नंबर 108 आहे.